ते स्वप्न नव्हतं

‘तुले सपन पडलं असन,’ आई म्हणायची आणि विषय संपायचा.

मला आठवायचं ते एवढंच: निळं दार, उंच उंबरठा, आणि मला मांडीवर घेऊन दुधात भाकर कुस्करून भरवणारी, हनुवटीवर गोंदण असलेली एक बाई. ती आई नव्हती. घरही आमचं चिखलीतलं नव्हतं. विचारलं की वडील उठून बाहेर जायचे. दहा-बारा वर्षांची होईतो मीही म्हणू लागले, असेल स्वप्न.

पंचाईत अशी की ते खरंच स्वप्नातही यायचं. पहाटेच्या झोपेत दार उघडायचं. कधी आत आमची शाळा असायची, कधी अंगणात पांढरी शेळी. बाई मात्र तीच. आठवण स्वप्नात शिरलीय की स्वप्नालाच मी आठवण समजतेय, काही कळायचं नाही. लग्न झालं, मुली झाल्या, ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, तरी ते थांबेना. मग मी वही केली. उठल्याबरोबर लिहायचं. वर्षभराने चाळली, तर शाळा, शेळी, सगळं बदलत होतं. दार, उंबरठा आणि बाईच्या हनुवटीवरचं गोंदण एकदाही बदललं नव्हतं.

वही घेऊन आईकडे गेले. ‘आता सपन नको म्हणू. खरं काय ते सांग.’

‘काऊन जुनं उकरून राह्यली?’

‘माझं हाय ते. मले पाहिजे.’

तिने वही मिटून बाजूला ठेवली आणि सांगितलं. तिच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं. माझा भाऊ झाला तेव्हा मला तिच्या पदरात घातलं होतं, तिच्या गावी, वरवट बकालला. आठ महिन्यांनी वडिलांना राहवेना, ते मला परत घेऊन आले. बहिणी भांडल्या, त्या कायमच्या. ‘तू तिच्यासाठी लय रडे. म्हून सांगितलं, सपन होतं.’

दुसऱ्याच दिवशी निघाले. नवरा म्हणाला, ‘म्हातारी तुले ओळखणार बी नाही.’

‘नाही तं नाही. मले तं ओळख हाय.’

खामगावला गाडी बदलली. विचारत विचारत घर सापडलं. दार आता लोखंडी होतं. उंबरठा जेमतेम वीतभर निघाला. शेळी तर तिथे कधीच नव्हती म्हणे. पण दारात उभ्या मावशीच्या हनुवटीवर हिरवे तीन ठिपके होते. मी कोणाची मुलगी ते सांगितलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

‘मले वाटे, तू इसरली असशीन.’

‘इसराले लावलं होतं,’ मी म्हटलं. ‘झोपेत कोण अडवते?’

आता मी दर महिन्याला जाते. आईला ते आवडत नाही. न आवडो. गेल्या वेळी मावशीला घेऊनच चिखलीला आले. दोघी बहिणी एका खोलीत बसल्या, एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. चहा तेवढा दोघींनी घेतला.

मी तिला पुन्हा आणणार आहे.