आईसाठी एकपदरी निळी माळ

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. असं काही लिहायला बसणं मला आगाऊपणाचं वाटतं. गावाकडच्यांनी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनी त्याबद्दल माफ करावं.

कुर्डुवाडी स्टेशनावर आई सोडायला आली होती. "दिल्लीत थंडी फार. गळा झाकून ठेवत जा," एवढंच म्हणाली आणि स्वतःच्याच गळ्याभोवती पदर ओढून घेतला. दिवस उन्हाळ्याचे होते. वडील गेल्यापासून तिला ती सवय लागली होती. मोकळा गळा कुणाला दिसू नये म्हणून.

आमचं काम पटवेकऱ्याचं. सोनारांकडून मणी आणि वाट्या यायच्या, आम्ही मंगळसूत्रं गाठवून द्यायचो. वडिलांमागे आईनं ते सहज चालवलं असतं. हात तिचाच चांगला. पण गिऱ्हाईक बायका हळूच म्हणायच्या, "पोराकडून ओवून घ्या हो." मग मी ओवायचो. आई शेजारी बसून, दोऱ्याला हात न लावता सांगायची, "ओढू नकोस. गाठ बसू दे."

आता मी दिल्लीतल्या द्वारकेत मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. रविवारी जेवायला कॅन्टोन्मेंटमध्ये काकूंकडे जातो. त्या आमच्याच तालुक्यातल्या, काका फौजेत आहेत. एकदा पहाडगंजला मण्यांचं होलसेल दुकान दिसलं आणि पाय थांबले. दुकानदार म्हणाला, "बेटा, असली लाजवर्द है." गडद निळ्या दगडाचे मणी, आत बारीक सोनेरी ठिपके. आमच्याकडे काळा मणी सवाष्णीचा, हिरवा चुडा नवरीचा. निळा कुणाच्याच नावावर नाही. हा तरी आईला घालता येईल, असं वाटलं.

मणी घेतले. माळ ओवून झाल्यावर काकूंना दाखवायला नेली. त्या बघतच राहिल्या. "अरे राजा, हे मंगळसूत्रच झालं की. दोन पदर काय, मधे जागा काय. वाट्याच तेवढ्या राहिल्यात."

माझ्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. मी मान खाली घातली. "उसव," काकू म्हणाल्या, "मी चहा टाकते." पुन्हा ओवली ती एकपदरी, प्रत्येक मण्यानंतर एक गाठ. रूममेट म्हणायचा, "यार, परीक्षा आहे, तू माळा काय जपतोयस?"

काकू सुट्टीत गावी गेल्या, तेव्हा माळ त्यांच्यासोबत पाठवली. फोनवर आई म्हणाली, "मिळाली. छान आहे." पुढे विषयच नाही. घातली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तिला दुखावलं तर नाही ना, हे मनातून जाईना. इथं आता रस्ते कळतात, हिंदी अडत नाही, कुणी विचारलं तर बिल्कुल दिल्लीवाल्यासारखा पत्ता सांगतो. तरी तिच्या त्या गप्प बसण्यानं मेट्रोत माझं स्टेशन चुकायचं. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला हे चुकलेलं स्टेशनच सांगता येईल.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. आई माळ घालून बचत गटाच्या बैठकीला गेली होती. शेजारच्या मावशींनी सगळ्यांसमोर टोकलं, "अगं, आता हे कुणाला दाखवायला?"

आई म्हणाली, "मलाच. आरसा आहे की घरात."