तळीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

काही माणसं देवाला भितात, काही सरकारला; माझ्या बायकोच्या आत्यापुढे मात्र हे दोघेही थोडे दबूनच असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या लहानशा शहरात ती कापडी पिशवी घेऊन बाजारात निघाली की दुकानदार प्लास्टिकच्या पिशव्या गल्ल्याखाली सरकवतात. मासळीवाली बांगडे थेट तिच्या डब्यात टाकते आणि वर एखादा जास्तच घालते. कारापूरला एका लग्नात ती घरचं स्टीलचं ताट घेऊन पंगतीला बसली, तेव्हा थर्माकोलच्या ताटात जेवणाऱ्या आम्हा सगळ्यांना घास गिळवेना. नवरीच्या बापाने हात जोडले. "जेवण बरां जालां हां," ती म्हणाली, "ताटां तेवडी आता तूच खा." पालिकेत गेली तर वाटेतला प्रत्येक पंखा बंद करत जाते, खाली कारकून बसलेला असो वा नसो. "खिडकेकडे बस, थंय देवाचो वारो आसा." ती जिना चढताना दिसली की कारकून आधीच रुमाल काढून ठेवतात.

मोपाला विमानतळ झाल्यापासून तिची आणखी एक तऱ्हा सुरू झाली. बोलताना डोक्यावरून विमान गेलं की ती एक बोट वर धरून थांबते आणि आवाज विरल्यावर राहिलेलं वाक्य नेमक्या त्याच शब्दापासून पुढे नेते. एकदा आमच्या नगराध्यक्षांना वाटलं, बाईंचं बोलणं संपलं. ते खुर्चीतून उठले. "बस रे," ती म्हणाली, "विमान गेलां. तुका अजून सोडूक नाय." ते बसले. तिच्याच आवाठातला, म्हणजे वाड्यातला, तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला माणूस, बसणार नाही तर काय करणार!

तिने काढलेल्या मंडळाला ना नाव, ना वर्गणी. तिच्या सोप्यावर चहा प्यायला तो सभासद. मी जावई म्हणून मानाने गेलो आणि सभासद होऊन उठलो. पहाटे पाव घालणारा पोदेर, एक निवृत्त मास्तर, बेळगावहून कामाला येऊन इथलाच झालेला एक गवंडी, असे आम्ही सगळे. मागणी साधी होती: पालिकेने कुठलंही काम काढताना आधी पाणी, झाडं आणि कचऱ्याचा विचार करावा, सिमेंटचा मागाहून. ही मागणी सगळ्यांना पटायची, आणि पटली की तिथेच राहायची. मग वेळ आली बाजारामागच्या तळीवर. तिला वरच्या उतारावरून झर येते, आणि तो उतार सपाट करून गाड्या उभ्या करायची जागा करायचं घाटत होतं. झर बुजली की तळी आटणार, हे उघड होतं. आवाठातले सगळे गणपती विसर्जनाला त्याच तळीत पोचवतात. आम्ही अर्ज दिले, शिष्टमंडळं नेली, दर वेळी "बघूया" ऐकून परत आलो. निर्णय चवथीनंतरच्या बैठकीत व्हायचा होता. त्या दिवसांत आत्या फारशी बोलत नव्हती, आणि आम्हाला त्याचीच काळजी वाटत होती.

आमच्याकडे गणपती पोचवायला बाहेर काढण्याआधी घरातलं वडीलधारं माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतं आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. हा मान पुरुषांचा. आत्याला मूलबाळ नाही. यजमान गेल्यावर तिने तो कुणाला न विचारता उचलला आणि विचारायची कुणाची छातीही झाली नाही. त्या वर्षी नेहमीप्रमाणे नगराध्यक्ष आरतीला आले होते. नारळ हातात घेऊन तिने डोळे मिटले.

"बा गणराया म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्यापुढ्यात उबी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकलां माकलां आसात तर पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"फुडल्या वर्साय तुका पोचवूक तळयेत पाणी आसांदे. आनी ती झर ह्या आमच्या नगराध्यक्षाच्या हातान राखून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात खणखणीत आवाज नगराध्यक्षांचा होता. लहानपणापासून अंगवळणी पडलेला शब्द, तोंडातून निघून गेला. मग त्यांनी डोळे उघडले.

"आत्ये, ह्या काय केलंस?"

"मी खंय केलंय? तूच म्हटलंस. मी निस्तां आयकलंय."

मला वाटलं, काय ही बाई, काय तिचा डाव! नंतर बायकोने तिला विचारलंच, मुद्दाम केलंस ना? आत्याचे डोळे भरून आले. "पालिकेक सांगून जालां," ती म्हणाली, "आता देवाक नाय तर कोणाक सांगू?" तो डाव नव्हताच. ती खरोखर मागत होती. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो.

बैठकीत नगराध्यक्ष एवढंच म्हणाले, की मी देवापुढे होकार दिलाय. घरोघरी गणपती असलेल्या सभागृहात पुढे कोण बोलणार? गाड्यांना दुसरी जागा मिळाली.

यंदाच्या चवथीला आत्याचा श्वास पुरत नव्हता. तिने नारळ माझ्या हातात ठेवला. "जावयबापू, औंदा तू घाल." मी अडखळत तळीच्या वाक्यापर्यंत पोचलो आणि वरून विमान गेलं. खुर्चीत बसलेल्या आत्याने बोट वर केलं. मी थांबलो. आवाज विरला, मी वाक्य पुरं केलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि सगळ्यांच्या मागून, बारीक आवाजात, तीही म्हणाली. मग आम्ही गणपती पोचवायला निघालो; तिला तळीपर्यंत चालवत नव्हतं, म्हणून ती सोप्यावरच थांबली. परत येताना रिवाजाप्रमाणे मी रिकाम्या पाटावर तळीतली थोडी माती आणली. तिला हल्ली नीट दिसत नाही. पाट मी तिच्या मांडीजवळ धरला.

"ओली आसा मा रे?" तिने विचारलं.

मी तिचं बोट धरून मातीत टेकवलं.