मला फादर पास्कल यांचा हेवा वाटतो

फादर पास्कल यांची आणि माझी पहिली भेट परदेशीपुऱ्यात, हिंदी मुलखातल्या आमच्या कापड मिलच्या वस्तीत, गणेश मंडळाच्या सभागृहात झाली. मिलच्या फाटकाला कुलूप लागून थोडेच दिवस झाले होते. मी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, शिवाय मंडळाचा सचिव. कोणाच्या घरी भांडण झालं, अर्ज लिहायचा असला, सोयरीक जुळवायची असली, की वस्ती माझ्याकडे येई. पांढऱ्या झग्यातले हे गृहस्थ दारात दिसले तेव्हा मी जुळवून जुळवून इंग्रजीत विचारपूस सुरू केली. त्यांनी माझं वाक्य शांतपणे पुरं होऊ दिलं आणि म्हणाले, "सचिवसाहेब, मी वसईचा. मराठीत बोललात तरी चालेल." त्यांचं मराठी माझ्या हिंदी मिसळलेल्या मराठीपेक्षा चांगलं होतं. हेव्याची सुरुवात तिथेच झाली.

ते सभागृह मागायला आले होते. मिल बंद झाली तरी पुष्कळ कामगार पाळीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडत. दिवसभर सुनेसमोर बसून राहायची त्यांना लाज वाटे. मग कोणी कृष्णपुऱ्याच्या जुन्या समाधी-छत्र्यांपाशी, कोणी मिलच्याच भिंतीला टेकून डबा उघडी. या माणसांना बसायला जागा द्यावी, असं फादरांचं म्हणणं. मी विषय कार्यकारिणीपुढे ठेवला. रीतसर उपसमिती नेमली. तिची बैठक व्हायच्या आत चर्चच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या, माठ भरले गेले, आणि आमच्याच मंडळाचे कार्यकर्ते तिथे पाणी द्यायला उभे राहिले. आमच्या सभागृहाला पंखे होते, त्या व्हरांड्याला नव्हते. तरी माणसं तिकडेच गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

डबे खाऊन झाले की फादर कोणाला नुसतं बसू देत नसत. आधी शाळेचे मोडके बाक दुरुस्त झाले, मग गल्लीतले कूलर, मग पाण्याच्या मोटारी. बघता बघता आवारात दुरुस्तीचा कारखानाच उभा राहिला आणि माणसांना चार पैसे मिळू लागले. बायकांचा शिवणवर्ग निघाला, संध्याकाळी मुलं अभ्यासाला येऊ लागली. चर्चला जाणारी घरं आमच्याकडे मोजकीच. बाकी सगळे आपापल्या देवाला नमस्कार करून येणारे. फादरांनी त्यांतल्या एकालाही प्रार्थनेला बसवलं नाही. बसवलं असतं तर मला तक्रारीला जागा मिळाली असती. मी लक्ष ठेवून होतो.

रंगखात्यातले बन्सीभिया माझे जुने दोस्त. तेही तिकडेच. एकदा म्हणाले, "सचिवजी, फादर के यहां रोटी हजम होती है."

"आणि माझ्याकडे?"

"आपके यहां मीटिंग होती है, भिया."

खरा घाव मात्र घरात बसला. माझा मुलगा मिलिंद तेव्हा कॉलेजात शिकत होता. एका संध्याकाळी फादर त्याला घेऊन आमच्या घरी आले. दारातच मला म्हणाले, "मिलिंदला तुमच्याशी बोलायचंय. मला यातलं काही ठाऊक नाही असं समजा." आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आमच्या सौभाग्यवतींकडे त्यांनी चहा मागितला.

मिलिंद खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मी कॉलेज छोडतोय. कपड्याच्या दुकानात काम मिळतंय. घरात कोणीतरी तो कमवायला पाहिजे ना."

"हे त्यांना सांगितलंस? मला नाही?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"तुमच्यासमोर हिंमतच नाही होत, बाबा," म्हणून तो रडायला लागला.

माझा मुलगा रडायलासुद्धा आधी त्यांच्याकडे गेला होता. त्या क्षणी मला फादरांचा जितका राग आला तितका मिल मालकाचाही कधी आला नव्हता. पण पोराला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तू शिक. कमवायचं मी बघतो." दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळायला गेलो. फादरांनी काही न विचारता स्वतःचं टेबल माझ्याकडे सरकवलं.

मिलिंद इंजिनियर झाला. बापाने पोराला वेळेवर सावरलं, असं वस्ती म्हणते. ही गोष्ट वस्तीभर केली फादरांनी, स्वतःचं नाव गाळून. मी खरं काय ते सांगायला लागलो की लोक माझ्या नम्रतेचं कौतुक करतात. माझ्या पदरात पडलेलं सगळ्यात मोठं श्रेय, आणि तेही त्यांनीच दिलेलं! हे मला अजून पचलेलं नाही. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसतोय, तरी माणसं डोकावून विचारतात, "फादर नाहीत का?" आणि "मग बाद में येतो" म्हणून निघून जातात.

फादर, आज आपण पंचाहत्तर वर्षांचे झालात. गुडघा दुखत असताना जिने चढणं आता बंद करा, औषधं वेळेवर घ्या. आपणांस दीर्घ आयुष्य लाभावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि तिच्यात माझा स्वार्थ आहे. आपण समोर आहात तोवर आपल्याशी वाद घालता येतो, आपल्या चुका काढता येतात. आपल्या माघारी ही वस्ती आपल्याला संत करून टाकेल, आणि संतापुढे माझ्यासारख्याचा कसला निभाव लागणार? म्हणून ठणठणीत राहा, फादर. मला आपल्याला एकदा तरी हरवायचं आहे.