बेनितोला हात लावू नका

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार धोंडीराम बाबर यांचे आहेत. ते माझे मामा, माणदेशातल्या आमच्या गावी वायरमन. वडील गेल्यावर त्यांनी मला स्वतःच्या घरी नेलं, मॅट्रिक केलं आणि पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. मामा नसते तर त्या सकाळी मी म्युनिकजवळच्या बटाट्याच्या शेतात उभा राहिलो नसतो, आणि माझ्या डोक्यावर हाय टेन्शन लाइनला लटकलेला तो माणूसही मला दिसला नसता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी म्युनिकच्या टेक्निकल हॉखशूलमध्ये, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, पुढचं शिकत होतो आणि सुट्टीत एका वीज कंपनीच्या लाइन-गँगमध्ये प्राक्टिकांट होतो. प्राक्टिकांट म्हणजे शिकाऊ. सामान उचलायचं, बघायचं, विचारायचं. आमचे प्रमुख होते हेर ब्रुनर; जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत. त्यांना सगळे माइस्टर म्हणत. ते मला 'हेर यागटाप' म्हणत, कारण जर्मन माणसाला जगताप म्हणता येत नाही.

आम्ही एका टॉवरचे इन्सुलेटर तपासायला आलो होतो. इन्सुलेटर म्हणजे टॉवर आणि तार यांच्यामधल्या त्या चिनीमातीच्या थाळ्या. धुकं नुकतंच निवळत होतं. लांबवर अमेरिकन सैन्याच्या पॅराशूट उड्या चालू होत्या. आम्हाला ते नेहमीचं होतं. त्यांचं मैदान लाइनपासून चांगलंच दूर होतं. पण वारा फिरला, आणि शेवटच्या विमानातून उडी मारलेला एक शिपाई सरळ आमच्याकडे वाहत आला. आम्ही ओरडलो. त्याने दोऱ्या ओढून वळायचा प्रयत्नही केला. पुढच्याच टॉवरपाशी त्याची छत्री खालच्या तारेत अडकली आणि तो टॉवरपासून हातभर अंतरावर झुलत राहिला. आम्ही तिकडे धावलो.

तारेत एक लाख दहा हजार व्होल्ट होते. तरी तो जिवंत होता. मोठ्याने ओरडत होता.

याचं कारण सांगतो. तारेवर बसलेला पक्षी मरत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध नसतो. विजेला त्याच्यातून पुढे जायला वाट नसते. या माणसाचंही तसंच होतं. छत्रीचं नायलॉन धुक्याने ओलं झालेलं, त्यामुळे ते वीज अडवेल असा भरवसा धरता येत नव्हता. त्याचा पाय टॉवरच्या लोखंडाला लागला, किंवा टॉवरवरून कुणी त्याला हात दिला, की वाट तयार. मग तोही जाणार आणि हात देणाराही.

ब्रुनरनी ड्रायव्हरला शेतकऱ्याच्या घरी टेलिफोन करायला पिटाळलं. तेवढ्यात शेतातून पाच-सहा शिपाई धावत आले. सगळ्यांत पुढे एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा सार्जंट. त्याने शिरस्त्राण फेकलं आणि थेट टॉवरच्या शिडीला हात घातला.

"थांबवा त्याला," ब्रुनर मला म्हणाले. आमच्यात इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं.

मी शिडीच्या आडवा उभा राहिलो. "सार्जंट, त्याला हात लावू नका. हात लावलात तर तो मरेल."

"तू कोण?"

"मी इथे काम करतो."

"तो माझा माणूस आहे. बाजूला हो."

"तो जिवंत आहे, कारण त्याला अजून कुणी हात लावलेला नाही," मी म्हणालो.

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. "किती वेळ?"

मी ब्रुनरना विचारलं. ते म्हणाले, "टेलिफोन लागेल, कंट्रोल रूम लाइन बंद करेल, मग आम्ही ती अर्थ करू, म्हणजे जमिनीला जोडू. तोपर्यंत."

मी ते सांगितलं. सार्जंटचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. तो शिडीपासून दोन पावलं मागे सरला आणि वरच्या माणसाशी बोलायला लागला. मला आधी इटालियन वाटलं. ते स्पॅनिश होतं. हे सगळे टेक्सास आणि न्यू मेक्सिकोचे, घरी स्पॅनिश बोलणारे अमेरिकन. कोरियाच्या युद्धातही त्यांनी एकत्र उड्या मारलेल्या. सार्जंटचं नाव मोरालेस. वरच्याचं बेनितो. हे मला ऑर्तिझ नावाच्या कॉर्पोरलने सांगितलं. तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचे ओठ सारखे हलत होते.

"वरचा काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, खाली एवढे जण नुसते उभे आहात, कुणीतरी कॉफी तरी आणा."

शिपायांमधला एक जण वर बघून काहीतरी ओरडला. सगळे हसले. बेनितोही हसला, आणि तसा तो टॉवरकडे झुलला.

"त्याला हसवू नका," मी ऑर्तिझला म्हणालो. "झुलतोय तो."

"त्याला सांगितलं की तुझी बायको इथे असती तर म्हणाली असती, कपडे वाळत घातलेत तसा दिसतोस."

"तरी नको."

ऑर्तिझने सगळ्यांना दटावलं. मग माझ्याकडे न बघता तो हळू आवाजात बोलला. "तू मोरालेसला थांब म्हणालास. कोरियात आमचा लुइस असाच झाडात अडकला होता. जखमी होता. समोरून गोळीबार चालू होता. लेफ्टनंट म्हणाला, थांबा. मोरालेस थांबला. आम्ही सगळे थांबलो. लुइस आम्हाला नावानं हाका मारत होता. मग मारेनासा झाला." त्याने वर बेनितोकडे पाहिलं. "मोरालेसने तेव्हा शपथ घेतली की पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून थांबणार नाही."

मी मोरालेसकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात स्वतःच्या पट्ट्यात अडकवले होते, घट्ट. मी त्याच्याकडे काय मागितलं होतं ते मला तेव्हा कळलं. पण विजेचा नियम तोच होता.

शेतकऱ्याच्या घराकडून आमचा ड्रायव्हर धावत आला. हात हलवत होता. "बंद केली! लाइन बंद!"

मोरालेसला जर्मन येत नव्हतं. पण माणसाचा चेहरा वाचता येतोच. त्याने मला खांद्याने ढकललं आणि तो शिडी चढायला लागला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. लाइन बंद झाली म्हणजे ती मेली असं नाही. आमच्या टॉवरवर दोन बाजूंना दोन लाइनी होत्या. एक बंद केली, पण दुसरी चालूच होती. तिच्यावर शहरातली इस्पितळं होती. शेजारी चालू लाइन असली की बंद तारेतही वीज उतरते. दिसत नाही, पण माणूस मारायला पुरते. म्हणून बंद केलेली तार आधी जाड केबलने जमिनीला जोडायची, म्हणजे अर्थ करायची, आणि मगच हात लावायचा.

हे सगळं समजावायला वेळ नव्हता. मी मोरालेसचा बूट दोन्ही हातांनी धरला आणि लोंबकळलो. तेव्हा माझं वजन फारसं नव्हतं. त्याने लाथ झाडली. ती माझ्या तोंडावर बसली. मी सोडलं नाही.

"सोड! बंद झाली ना?"

"बंद झाली. अजून अर्थ केलेली नाही!"

"सोड म्हणतो!"

तिकडे ब्रुनर घाई न करता काम करत होते. त्यांनी केबलचं एक टोक टॉवरला आवळून बसवलं. दुसऱ्या टोकाचा आकडा लांब काठीवर घेतला, टॉवरच्या दुसऱ्या पायावरून चढून काठी उचलली आणि आकडा तारेजवळ नेला.

आकडा तारेला लागायच्या आधीच निळी ठिणगी उडाली आणि बंदुकीसारखा आवाज झाला. शेतातले कावळे उठले. शिपायांपैकी दोघे जमिनीवर आडवे झाले, सवयीने.

ती बंद लाइन होती.

माझ्या हातातला बूट हलायचा थांबला. मोरालेस शिडीवर तसाच राहिला. मग सावकाश खाली आला आणि बटाट्याच्या वाफ्यात बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठातून रक्त येत होतं.

ब्रुनरनी सगळ्या तारा अर्थ केल्या, पुन्हा तपासल्या आणि खाली उतरले. स्वतःचा कमरेचा सेफ्टी बेल्ट सोडून मोरालेससमोर धरला. "आता," ते मला म्हणाले. "त्याला सांगा, आता वर जायचं. तो आणि मी."

दोघांनी बेनितोला खाली आणलं. त्याचा खांदा निखळला होता. बाकी धडधाकट. मोरालेसने त्याला गवतावर ठेवलं आणि स्पॅनिशमध्ये झाप झाप झापलं. ऑर्तिझ म्हणाला, "विचारतोय, शिरस्त्राण कुठे हरवलंस."

त्याच आठवड्यात त्या शिपायांनी ब्रुनरना आणि मला छावणीजवळच्या एका गास्टहाउसमध्ये जेवायला बोलावलं. ते सगळे कोरियातले सोबती दर वर्षी एकदा असे जमत. या वर्षी बेनितो वाचला म्हणून दिवस बदलला होता. जेवणाआधी मोरालेस उभा राहिला आणि हजेरी घ्यायला लागला. प्रत्येक जण आपलं नाव आलं की "प्रेझेंते" म्हणे, म्हणजे हजर. मग मोरालेस "लुइस" म्हणाला. सगळे एका आवाजात म्हणाले, "प्रेझेंते." त्यानंतर त्याने "ब्रुनर" म्हटलं. ऑर्तिझने कोपराने ढोसलं तेव्हा आमचे माइस्टर टाचा जुळवून उभे राहिले. शेवटी माझं नाव आलं. मोरालेसला ते बरोबर म्हणता आलं. त्याने कुणाकडून तरी शिकून घेतलं होतं.

साठच्या दशकात मला स्टुटगार्टला नोकरी लागली. ते लोक टेक्सासला परतले. बेनितो दर नाताळला कार्ड पाठवायचा. हजेरी तिकडेही चालू होती. मी नसलो तरी माझं नाव घेतात आणि कुणीतरी माझ्या वतीने "प्रेझेंते" म्हणतं, असं त्याने एकदा लिहिलं होतं.

त्या अनुभवातून मी जे शिकलो ते फार थोडं आहे. लाइन बंद आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि ज्याचं जवळचं माणूस वर आहे त्याच्या शब्दावर तर मुळीच नाही. गास्टहाउसच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी मामांना हे पत्र पाठवलं.

"तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. ओठाला टाके पडले आहेत, बूट लागला. आईला सांगू नका.

सोबतच्या कागदावर इथे काय झालं ते सविस्तर लिहिलं आहे. ते आधी वाचा.

मामा, तुम्ही अकरा हजारांच्या लाइनवर चढता तेव्हा गणपा वीजघरातून 'बंद केली' अशी आरोळी देतो, आणि तुम्ही तार धरता. मी लहानपणी खाली पक्कड घेऊन उभा असायचो, म्हणून मला ठाऊक आहे. गणपा तुमचा जिवाचा मित्र. तो कधी खोटं सांगणार नाही. इथेही कुणी खोटं सांगितलं नव्हतं. तरी त्या बंद तारेतून जो आवाज आला तो मला अजून झोपू देत नाही. इतकी वर्षं तुम्ही सुखरूप उतरलात, हे आठवलं की माझे हात गार पडतात.

यापुढे तारेला हात लावण्याआधी तिची वीज जमिनीत उतरवा. कशी, ते चित्र काढून पाठवलं आहे. काठी कोरडी घ्या. पोरगं परदेशी गेलं आणि मामाला शिकवायला लागलं, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलंत म्हणून येतं. एवढं एक तुम्ही माझं ऐका.

उलट टपाली फार काही लिहू नका. 'केलं' एवढंच कळवा.

आपला,
शंकर"