घड्याळजींची मागची खोली

माझ्या मामांचा संसार दारूपायी मोडला. त्यांनी स्वतः आयुष्यात थेंबही तोंडात घातला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या नात्यात अजूनही लोक उलटंच समजतात.

मामा घड्याळजी होते. गावात एकवीस वर्षं दारूबंदी होती आणि त्यातली शेवटची तेरा वर्षं मामांच्या दुकानामागच्या खोलीत दारू मिळत होती. गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन यायचं. काटा दोनवर असला तर दोन ग्लास, तीनवर असला तर तीन. चार वाजलेलं घड्याळ मामा परत करायचे. "हे आमच्याकडे दुरुस्त होणार नाही," असं गंभीर चेहऱ्याने सांगायचे. आत दोन बाकडी, पाण्याचं पिंप आणि भिंतीवर सव्वीस घड्याळं. प्रत्येकात वेगळी वेळ.

"त्याचा फायदा आहे," पोस्टमास्तर म्हणायचे. "घरी उशीर झाला तर खोटं बोलावं लागत नाही. ज्या घड्याळाकडे बघून उठलो, त्यात सहाच वाजले होते."

मामी या सगळ्याला कंटाळली होती. "हे बंद करा," असं ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत होती आणि मामा "पुढच्या महिन्यात" म्हणत होते. पैसे मिळत होते हे खरंच, पण मला वाटतं कारण दुसरंच होतं. पुढच्या दुकानात मामा दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकलेले असायचे. त्यांच्या चेहऱ्याकडेही कुणी बघत नसे. मागच्या खोलीत गेले की वकील, पोस्टमास्तर, ठेकेदार सरकून त्यांना जागा करून द्यायचे. ती जागा त्यांना सोडवेना.

एके दिवशी मामा सुट्या भागांचं पार्सल आणायला गेले होते. गल्ल्यावर दवाखान्यातला कंपाउंडर बसला होता, तोही रोजचाच. तेवढ्यात बाहेरगावाहून मामांचे सासरे आले. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. लेकीकडे जाण्याआधी त्यांनी घड्याळ दाखवायचं ठरवलं. कंपाउंडर त्यांना ओळखत नव्हता.

"बंद पडलंय. जरा बघता का?" गुरुजी म्हणाले.

कंपाउंडरने काटा पाहिला. "दोन ना?"

"हो, दोनच वाजलेत त्यात."

"मग या की आत. बसा निवांत."

गुरुजी आत जाऊन बसले आणि त्यांच्या हातात ग्लास आला. समोर पोस्टमास्तर. ते गुरुजींचे जुने विद्यार्थी. सवयीने ते ताडकन उभे राहिले, हातातल्या ग्लासासकट. गुरुजींनी स्वतःचा ग्लास हुंगला, खाली ठेवला, "बस," म्हणाले आणि घड्याळ तिथेच सोडून निघून गेले. हा किस्सा पुढे पोस्टमास्तर रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. मामा मात्र कधी हसले नाहीत.

कारण गुरुजी तिथून थेट लेकीकडे गेले. ओरडले नाहीत. पाणी प्यायले आणि एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

मामीला "हो" म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर निघाली. मामांना म्हणाली, "ज्या दिवशी बंद कराल, त्या दिवशी न्यायला या. मी एक शब्द न बोलता येईन."

मामांनी सहा वर्षं लावली. पत्रं पाठवत होते, "थोडी थांब" म्हणून. मग कायदाच उठला. चौकात दिव्यांच्या माळा लावून बार उघडले आणि पंधरा दिवसांत मागची खोली ओस पडली. पोस्टमास्तरसुद्धा तिकडे जाऊ लागले. एके सकाळी मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे आले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो.

"चल. मामीला आणायला जायचंय. जातानाची दोन तिकिटं, येतानाची तीन काढलीत."

आम्ही पोचलो तेव्हा मामी घरी नव्हती. ती तिथल्या शाळेत कारकून होती. ती आल्यावर मामा उभे राहिले.

"बंद केलं," ते म्हणाले. "बाकडीसुद्धा विकली."

"कधी?"

"झाले आठ दिवस."

"कायदा उठून महिना झाला. पेपर इकडेही येतो." मामीने पर्स खुंटीला अडकवली. "म्हणजे ते सरकारने बंद केलं. तुम्ही नाही."

"पण बंद झालं ना? तुला तेच हवं होतं."

"मला ते तुमच्याकडून हवं होतं." ती शांतपणे बोलत होती. "कायदा आणखी दहा वर्षं राहिला असता तर?"

मामा चष्मा पुसत राहिले.

"सहा वर्षं शाळेतून येताना मी लांबूनच दारातल्या चपला बघायचे हो. आज तुमच्या दिसल्या. मला किती..." ती थांबली. "मग महिन्याचा हिशेब लागला."

"चल ना," मामा म्हणाले.

"आले तर रोज तुमच्याकडे बघून तोच प्रश्न पडेल. तुम्हालाही जाच, मलाही. जेवून जा दोघं."

जेवलो. मामीने मामांना दोनदा वाढलं.

परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामी होती. एका बाईने पिशवी सावरत विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"नाही," मामा म्हणाले. "बसा तुम्ही." खिडकीकडे सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, "काय रे, दहा वर्षं कायदा राहिला असता, तरी मी बंद केलंच असतं ना?"

"केलं असतं की, मामा."

 मामा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू कशाला खोटं बोलतोस? ती विचारत होती, तेव्हा मलाही हेच खोटं बोलता आलं असतं. जीभ रेटली नाही."