आतोबांची चौकशी आणि आत्याचे गुडघे

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, चौकशी न करता आयुष्यात एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्म घेणे. आणि आईबापांची माहिती काढायला सवड मिळाली असती तर तेही त्यांनी वर्षभर लांबवलं असतं, याविषयी आमच्या घरात दुमत नाही. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी सोलापुरातली सगळी दुकानं पालथी घातली, ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरात बसून मिक्सरचे आवाज ऐकले, आणि तोवर आत्या मुकाट्यानं खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत राहिली. चादर घ्यायला गेले की रंग जातो का हे बघायला दुकानदाराकडेच बादलीभर पाणी मागत. लग्नाआधी आत्याची चौकशी तर इतकी लांबली की आमच्या आजोबांनी अखेर निरोप धाडला, "पोरगी पसंत हाय का तेवढं सांगा. बाकीचं लगीन झाल्यावर तिलाच इचारा की!" आम्ही हसायचो, पण या सगळ्या खटाटोपामागे आत्याला कशाचाही त्रास होऊ नये एवढीच त्यांची धडपड असायची, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कधी चिडली नाही.

आतोबा एका खासगी कारखान्यात स्टोअरकीपर होते. नवराबायकोचा आजारपणाचा विमा कारखान्यानं उतरवलेला होता. ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना बसवून सांगितलं, "मुदत संपायच्या आत हाच विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. मागची वर्षं धरली जातील, जुन्या दुखण्यांच्या खर्चासाठी नव्यानं थांबावं लागणार नाही." आत्याचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते आणि आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आतोबांनी साहेबांचे आभार मानले आणि घरी येऊन चौकशी सुरू केली. अकलूजला कुणाचा क्लेम अडला म्हणून अकलूजला गेले, वैरागला कुणाला पैसे लगेच मिळाले म्हणून वैरागला गेले. दोन्हीकडे जेवून, दोन्हीकडे उलटसुलट ऐकून परतले.

"अवो, त्या साहेबांनी सांगितलंय तेच करून टाका की," आत्या म्हणायची.

"करणारच हाय. पण जरा बघून करू."

त्या बघण्यातच मुदत निघून गेली.

मग नवा विमा घ्यावा लागला. त्यासाठी आलेली एजंट बाई सरळ स्वभावाची होती. तिनं नीट समजावलं, की विमा आज सुरू झाला तरी पहिला महिनाभर अपघात सोडून काही मिळत नाही. आणि गुडघे हे आधीचं दुखणं असल्यामुळे त्यांच्यासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आमी दम धरू हो बाई. गुडघ्यांनी न्हाय धरला तर?" फॉर्ममध्ये गुडघ्यांचं लिहूच नका, असा सल्ला शेजारच्यांनी दिला, तेव्हा आतोबा त्यांच्यावर उखडले. "तिला दुखतंय ते दुखत न्हाय म्हणून लिहू व्हय?"

बँकेतली ठेव मोडून ऑपरेशन करू, असंही ते म्हणाले होते. आत्याच नको म्हणाली. "म्हातारपणाला ऱ्हाऊ दे ते. तीन वर्षं म्हंजे काय लई न्हाय." आतोबांनी फारसा वाद घातला नाही.

ती तीन वर्षं आतोबांनी सर्जनच्या चौकशीत घालवली. ऑपरेशन झालेल्या बायका हुडकून ते त्यांना भर रस्त्यात विचारत, "ताई, जरा जिना चढून दावता का?" एकदा तर एकीचा मुलगा अंगावर धावून आला. इकडे आत्याचं देवळात जाणं थांबलं, मग गच्चीवर वाळवण घालणं, मग दारापर्यंत येणंही. हालचाल नाही म्हणून वजन वाढलं. पुढे चार पावलांत धाप लागायला लागली. आम्हाला वाटलं, ते गुडघ्यांमुळेच.

मुदत भरली त्या आठवड्यातच आतोबांनी तिला दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. तपासण्या झाल्या. डॉक्टर रिपोर्ट बघत हळूच म्हणाले, "काका, यांचं हृदय फार अशक्त झालंय. भूल देणं धोक्याचं आहे. आधी आणलं असतं तर..." आतोबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. एवढ्या वर्षांत मी ते प्रथमच पाहिलं. रिक्षातही ते आत्याची पिशवी मांडीवर घेऊन नुसते बाहेर बघत बसले.

परवा गेलो तेव्हा आत्या कॉटवर बसली होती आणि आतोबा खाली बसून तिच्या गुडघ्यांना कोमट तेल चोळत होते. मी दारात चप्पल काढत होतो, त्यांना दिसलो नाही.

"माज्यामुळं झालं गं हे," आतोबा म्हणाले. "तवा सही करून मोकळा झालो असतो तर आज चालत असतीस."

आत्यानं नाही म्हणून त्यांची समजूत घातली नाही. मग म्हणाली, "उजव्याला जरा जास्त लावा. तिथं बरं वाटतंय."

आतोबांनी मान हलवली, तळहातावर आणखी तेल घेतलं आणि पुन्हा चोळायला लागले.