चौथ्या नदीपाशी अडलेला गेम

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगांच्या कडा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे 'चकाचक' म्हणत, कारण घासलेलं प्रत्येक भिंग उजेडात धरून तो हा एकच शब्द बोलायचा. वय पंचेचाळिशीचं, पण हौस पोरासोरांची. व्हिडिओ गेमची.

नवा गेम घ्यायचा म्हणजे पगाराला भगदाड. म्हणून त्याने ऑनलाइन अदलाबदल सुरू केली. आपला खेळून झालेला गेम द्यायचा, दुसऱ्याचा घ्यायचा, खर्च काय तो कुरिअरचा. ओरखडे पडलेल्या डिस्क तो दुकानातल्या पॉलिशच्या चाकावर जपून घासायचा. तीन वर्षांत त्याने एकही नवा गेम विकत घेतला नव्हता. बायको शेजारणीला सांगायची, "आमच्या ह्यांची हौसही भागते आणि खिशालाही चाट नाही."

मग एकदा त्याला कोणीतरी टोपी घातली. नाव वल्हवत नद्या पार करायचा एक गेम आला, तो चौथ्या नदीपाशी बंद पडायचा. डिस्क दिव्यासमोर धरली तर वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला पडलेल्या ओरखड्यातून टाचणीएवढा उजेड आरपार येत होता. त्या बाजूचा ओरखडा घासून जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या डोक्यावरची टोपी त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची ठरवली. काळ्या मार्करने ते भोक बुजवलं आणि जाहिरातीत लिहिलं, 'चकाचक. एकही दोष नाही.'

दोन दिवसांत एका बाईंनी बदल्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाठवला, मऊ कागदात नीट गुंडाळून. तो गेम उत्तम चालला. खेळून झाल्यावर त्याने तोही पुढे बदलून टाकला.

आणि मग बाईंचा निरोप आला. 'मी निवृत्त टायपिस्ट. गेल्या वर्षी उजव्या हातावरून वारं गेलं. बोटांना चाळा हवा म्हणून भाच्याचं गेम खेळायचं जुनं यंत्र घेतलंय. चौथ्या नदीपाशी नाव थांबते. माझीच बोटं उशीर करत असणार. तिथे कोणतं बटण दाबायचं, सांगाल का?'

खरं सांगायची वेळ तीच होती. त्याने उत्तर लिहिलं, 'ती जागा अवघडच आहे. सराव करा, जमेल.'

पंधरा दिवसांनी पुन्हा निरोप. 'रोज दोन तास बसते. अंगठ्याला फोड आला, पण तुम्ही म्हणालात म्हणून सोडलं नाही. जन्मभर टायपिंग केलं आणि आता एका बटणापुढे हात टेकले.'

ते वाचून त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायकोने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिने ते दोन्ही निरोप वाचले. मग म्हणाली, "दोष डिस्कचा आणि बोल तिच्या हाताला. आणि हे तुम्हाला पंधरा दिवस माहीत आहे."

रविवारी त्याने तोच गेम कोरा करकरीत विकत घेतला आणि पार्सलवरच्या पत्त्यावर गेला. बाईंनी डाव्या हाताने दार उघडलं. नावेचा गेम पाठवणारा तो मीच, असं त्याने सांगितलं. "तुम्ही आलात होय? बरं झालं. आता दाखवाच कसं ओलांडायचं ते."

त्याने जुनी डिस्क मागून घेतली, नखाने मार्कर खरवडला आणि ती खिडकीसमोर धरली. "हे मला आधीपासून माहीत होतं," तो म्हणाला. "मीच बुजवलं होतं. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

बाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे पहिल्याच दिवशी मी पार झाले असते?"

"हो."

"व्यायाम द्यायला एक मुलगी येते. तिला मी परवा सांगून टाकलं, आता येऊ नकोस, हा हात काही सुधारत नाही."

त्याने आणलेला नवा गेम पुढे केला. बाईंनी नवी डिस्क घातली. उजवा अंगठा हळूहळू पण नेमका पडत होता. पाऊण तासाने चौथी नदी पार झाली. चेहऱ्यावर आनंद असा दिसला नाही.

"चहा विचारत नाही मी तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"नको. त्या मुलीला परत बोलवाल ना?"

"ते माझं मी बघेन."

दोन दिवसांनी अदलाबदलीच्या साइटवर त्याच्या नावाखाली बाईंचा शेरा दिसला. 'डिस्क खराब, हे माहीत असून दिली. नंतर स्वतः येऊन नवी देऊन गेले. वस्तू तपासून घ्यावी.' खाली उत्तर द्यायला जागा होती. त्याने लिहिलं, 'खरं आहे.'

अदलाबदल अजून चालते, पण गिऱ्हाईक फिरकत नाही फारसं. एकच गेम तो चार महिने खेळतोय. ती मुलगी बाईंकडे परत यायला लागली की नाही, हे त्याला कळलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.